समेटाचा शनिवार

माझ्या सासूबाई प्रभुभोजन घेत नसत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन पडेना.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ख्रिस्ती. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी पावाचे बारीक तुकडे ताटात ठेवून बाकाबाकावरून फिरवतात, मागोमाग द्राक्षरसाचे इवले इवले पेले येतात. प्रभूनं आपल्यासाठी देह दिला, रक्त सांडलं, त्याची आठवण म्हणून ते घ्यायचं. या पावाला आम्ही भाकर म्हणतो. सहसा सगळी मोठी माणसं घेतात. एखाद्यानं घेतली नाही तर शेजारचे लगेच डोळे मिटून प्रार्थना करायला लागतात, आणि मिटल्या डोळ्यांनीच बरोबर बघतात.

मी धुळ्याची. लग्न झालं ते साल ऐंशीनंतरचं, नव्वद अजून लांब होतं. जळगावात पिंप्राळ्याला सासरचं घर. तिथल्या देवळात मी नवी नवरी म्हणून सासूबाईंच्या शेजारी बसले होते. ताट घेऊन येणारे माझे सासरेच होते, कारण ते मंडळीचे, म्हणजे देवळातल्या आमच्या समाजाचे, पंच. त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं, मी तुकडा उचलला. मग ताट सासूबाईंच्या पुढून तसंच सरकलं आणि पलीकडच्या बाईपुढे थांबलं. मध्ये ते अडखळलंसुद्धा नाही. सासूबाई मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेल्या.

अगं बाई! यांनी असं काय केलंय, की स्वतःचा नवराच यांना वाढत नाही?

आता मला कोणी आगाऊ म्हणा, चोंबडी म्हणा, माहेरी तर दोन्ही म्हणत. मला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. मी मनातल्या मनात सासूबाईंची पापं शोधायला लागले. सापडेनात. बाई पहाटे उठायच्या, चूल पेटवायच्या आधी प्रार्थना करायच्या. गल्ली झाडणाऱ्या बाईला पहिला चहा, तोही घरच्याच कपात. आमच्या कॉलनीत त्या काळी हे दोनच घरांत चालायचं. भांडण नाही, चहाडी नाही. खोटं तर इतकं वर्ज्य, की विम्याचा एजंट दारात आला आणि मी "ते घरी नाहीत" म्हणायला तोंड उघडलं, तर आतून सासूबाईंचा आवाज आला, "आहेत, आहेत. या, बसा." एजंट दोन तास बसला, चिवडा खाऊन गेला, आणि नवरा माझ्यावर चिडला. अशा बाईनं पाप करायचं तरी कधी? वेळ कुठे होता?

मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते सासऱ्यांनी. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचे. निवृत्त मास्तर. मनाचे निर्मळ, पण डोकं भलतं तापट. नळाच्या पाण्यावरून, रिक्षाच्या भाड्यावरून, कुणी रस्त्यात केळीची सालं टाकली त्यावरून, महिनाभर त्यांचं कुणाशी ना कुणाशी वाजलेलं असायचंच. आणि पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, भाऊ इस्त्रीचा सदरा घालून समेट करायला बाहेर पडायचे. देवाला अर्पण द्यायला गेलास आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, अशी आमच्यात शिकवण आहे. ती ठाऊक सगळ्यांनाच होती. कॉलनीभर फिरून पाळायचे ते एकटे भाऊ.

शेजारचे नाना केळीचे व्यापारी, मोठे थट्टेखोर. भाऊ फाटकाशी दिसले की ते ओरडायचे, "या मास्तर, या! उद्या पहिला रविवार वाटतं? आमच्याकडे कॅलेंडर नसलं तरी चालतं बुवा."

भाऊ गंभीरपणे म्हणायचे, "नाना, मंगळवारी मी तुम्हाला पाणीचोर म्हणालो. ते चुकलं."

"पण मी मोटर लावली होती हो त्या दिवशी."

"लावली होतीत. तरी चोर म्हणायला नको होतं."

एकदा नानांना काय लहर आली, म्हणाले, "आज नाही माफी. सोमवारी या." भाऊ मान खाली घालून परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळात सगळ्यांना भाकर वाढली आणि स्वतः घेतली नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, मास्तर, तुम्ही गेलात, तुमचं काम झालं. भाऊ म्हणाले, त्याच्या मनात अजून आहे ना, मग नाही. हे नानांच्या कानावर गेलं तेव्हा गडी असा ओशाळला, की सोमवारी स्वतः केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आमच्या दारात. पुन्हा तसली थट्टा त्यांनी केली नाही.

तर सांगायचं असं, की एवढा समेटवाला माणूस, आणि बायकोपुढून ताट तसंच पुढे नेतो? मला कोडं सुटेना. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आईचं ते तसंच आहे. मी लहानपणापासून बघतोय."

"आणि विचारलं नाहीस कधी?"

"काय विचारायचं?"

बाई गं! देवानं पुरुषांना कुतूहल नावाची वस्तू दिलीच नाही की काय, कोण जाणे. वीस-पंचवीस वर्षं माणूस आईच्या शेजारी बसतो, आणि याला एकदाही वाटत नाही की विचारावं. मी भाऊंना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "ते तिचं आहे. तिला विचार."

मग मी तिला, म्हणजे त्यांना, विचारायचं ठरवलं. आमच्याकडे सासूला आई म्हणतात. उन्हाळा तोंडावर आला होता, आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. ऊन चढायच्या आत चीक संपवायचा होता. आई सोऱ्या दाबत होत्या, मी चीक भरून देत होते.

"आई, एक विचारू?"

"नाही म्हटलं तर गप्प बसणार आहेस?"

"नाही."

"मग विचार."

"तुम्ही भाकर का घेत नाही?"

सोऱ्यातून पडणारी कुरडई कडेला वाकडी झाली, तेवढंच. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी पुढची कुरडई घातली, आणि कुरडया घालता घालताच सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

आईंचं माहेर पारोळ्याकडचं एक खेडं. घर शेतकऱ्याचं, हिंदू. भाऊ आणि आई दोघांनी लग्नानंतर मिळून बाप्तिस्मा घेतला होता. भावकीत खूप बोललं गेलं, पण आईंचे वडील, आबा, काही बोलले नाहीत. जळगावला आले की यांच्या प्रार्थनेच्या वेळी टोपी काढून बसायचे. म्हणायचे, "पोरी, देव तुझा तू बघ. भाकर तेवढी मला गरम दे." आबांना मुलगा नव्हता. दोन मुलीच. थोरली अक्का लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेली. आबांच्या बरोबरीनं तिनं शेत केलं, घर केलं, शेवटी आबांचं दुखणंही तिनंच काढलं.

आबा गेले तेव्हा आई गेल्या. रडल्या, बहिणीच्या गळ्यात पडल्या. दहाव्या दिवशी सगळे नदीवर गेले. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. बाभळीवर कावळे बसलेले, खाली एक उतरत नाही. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, शेत पडू देणार नाही. अक्का म्हणाली, आबा, माझी काळजी करू नका. तरी नाही. मग कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा जीव धाकटीत अडकलाय. तिनं धर्म सोडला ना, त्याचाच घोर असणार.

"अक्का माझ्याकडे आली," आई म्हणाल्या. "म्हणाली, हात जोड, आणि म्हण, आबा, मी सुखात आहे, तुम्ही जा. एवढंच म्हण."

"मग?"

"मी नाही जोडले."

मी चिकाचं भांडं खाली ठेवलं.

"त्या पिंडात आबा नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. देव सोडून दुसऱ्या कशापुढे हात जोडायचे नाहीत, हे शब्द मी सगळ्या मंडळीसमोर बोलले होते. तिथं जोडले असते तर मी कोण उरले असते? माणसं उन्हात ताटकळली. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला म्हणून उरकलं. अक्का माझ्याजवळ आली आणि म्हणाली, तुझ्या देवानं माझ्या बापाला उपाशी ठेवलं."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता.

"मी तिथूनच एसटी धरली. पुन्हा त्या घरात पाय ठेवला नाही. तिनंही बोलावलं नाही. पुढं पहिला रविवार आला, हे ताट घेऊन आले, आणि माझा हात उचलेना. अक्काच्या मनात माझ्याविषयी आहे, चांगलं काठोकाठ आहे. मग मी कशी घेऊ?"

"मग जायचं ना समेट करायला! भाऊ कसे, नळावरून भांडले तरी जातात."

"जाऊन काय म्हणू?" त्या पहिल्यांदाच चिडून बोलल्या. "चुकले म्हणू? मला आजही वाटत नाही की हात जोडायला हवे होते. खोटं बोलून माफी मागू? आणि खरं बोलले तर ती दारातूनच हाकलेल. ह्यांनी पुष्कळ समजावलं. मग समजावायचं सोडून दिलं."

आता आली का पंचाईत! तोवर मला वाटायचं, विश्वासानं वागणं म्हणजे सोपं आहे. खोटं बोलू नये, भांडू नये, भांडलं तर माफी मागावी, रविवारी देवळात जावं. पण जे चुकलंच नाही असं वाटतं त्याची माफी कशी मागायची? आणि मागितली नाही तर समोरच्याच्या मनातलं जाणार कसं? एका बाजूला देवाला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला बहीण, आणि दोन्ही देवानंच सांगितलेलं. भाकरी थापताना, कपडे धुताना माझ्या डोक्यात तेच. कधी वाटायचं, काय बिघडलं असतं हात जोडले असते तर? कधी वाटायचं, नाही बाई, यांचंच बरोबर.

त्यानंतर आमच्यात तो विषय कितीदा तरी निघाला. काढणारी मीच. एकदा वाळलेल्या कुरडया डब्यात भरताना मी सहज म्हटलं, "पण आई, तेराव्यापर्यंत का नाही थांबलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे हात जोडायचे नव्हते, कबूल. पण बहिणीजवळ बसायला देवाची कुठं ना होती? पाहुण्यांचा स्वयंपाक होता, भांडी होती, रडायला सोबत हवी होती. त्यात कुठं मूर्तिपूजा आली?"

मी खरंच काही मनात धरून बोलले नव्हते. मला आपलं कुतूहल. पण आई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग झाकण लावलं आणि आत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं, झालं, घातलं मी नको तिथं नाक.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "अखाजीला माहेरी जायचं म्हणते. येशील का सोबत?"

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात लेकी माहेरी येतात त्या अखाजीलाच. झोके बांधतात, गाणी म्हणतात, मांडे आणि आमरसाचं जेवण होतं. पण त्याच दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि विस्तवावर अन्नाचे घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. म्हणजे आबांच्या नावानं घास पडणार त्याच दिवशी आई जाणार. मी म्हटलं, "आई, दुसरा एखादा दिवस बघू या का?"

"दुसऱ्या दिवशी मी पाहुणी," त्या म्हणाल्या. "अखाजीला लेक."

भाऊंनी ऐकलं आणि ते आम्हाला बसस्टँडवर सोडायला आले. धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं. या एसटीनं मी माहेरी कितीदा तरी गेलेले, कधी कधी आईसुद्धा सोबत असायच्या. पारोळा आलं की त्या पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायच्या, ते मला आता आठवलं. या वेळी पारोळ्याला आम्ही उतरलो आणि गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये कोंबून बसलो. आईंनी नवं लुगडं घेतलं होतं अक्कासाठी. ती पिशवी त्यांनी पोटाशी धरलेली.

घर मातीचंच, सारवलेलं, स्वच्छ. अंगणात निंबाखाली चूल, चुलीवर पालथं खापर, आणि त्यावर एक उंच, वाळलेली म्हातारी मांडे टाकत होती. पातळ मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा, कसबाचं काम. सावली पडली तशी तिनं मान वर केली.

"कोन शे?"

"अक्का, मी शे," आई म्हणाल्या. जळगावात शुद्ध बोलणाऱ्या आईंच्या तोंडून अहिराणी आली. मी धुळ्याची, माझ्या कानाला ती घरचीच.

अक्कांनी बघितलं. बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बस. मांडा जळी राहिना." आणि जळत आलेला मांडा उलटायला वळल्या.

आम्ही ओट्यावर बसलो. अक्कांनी पाणी दिलं. मी कोण ते विचारलं, सून म्हटल्यावर माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग पुन्हा चुलीशी. आई बसलेल्या, पिशवी मांडीवर. एक मांडा झाला, दुसरा झाला. कुणी बोलेना. दोघी बहिणी, इतक्या वर्षांनी भेटलेल्या, आणि मध्ये फक्त चुलीचा धूर.

मला हे सहन होईना. माझी जीभ, काय सांगू, गप्प बसायला शिकलीच नाही. मी म्हटलं, "अक्का, आई देवळात भाकर घेत नाहीत हो. तुमच्या मनात त्यांच्याविषयी आहे म्हणून घेत नाहीत. कितीतरी वर्षं झाली. म्हणून आलो आम्ही."

आईंनी डोळे मिटले. मला त्याच क्षणी कळलं की घोळ झाला.

अक्कांनी हातातला मांडा परातीत टाकला. "म्हंजे तू मनाकरता नही उनी," त्या आईंना म्हणाल्या. "तुना देवनी भाकर भेटाले पाहिजे म्हनीसन उनी!"

माझ्यासाठी नाही आलीस, तुझ्या देवाची भाकर मिळावी म्हणून आलीस. आणि खोटं काय होतं त्यात? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आईंकडे बघितलं. आता त्या म्हणतील, नाही गं अक्का, तुझ्याचसाठी आले. कुणीही तेच म्हणालं असतं. मी असते तर शपथा घेतल्या असत्या.

आई म्हणाल्या, "हो."

पुढचं त्या अहिराणीत बोलल्या. मी माझ्या भाषेत सांगते. त्या म्हणाल्या, "हो अक्का, त्यानंच पाठवलं. मी आपण होऊन आले नसते. माझा तोरा तुला माहीत आहे, लहानपणापासूनचा. दर महिन्याला ते ताट माझ्यापुढून गेलं की तो मला विचारायचा, अक्का कुठं आहे? आणि मी म्हणायचे, मी तुझ्यासाठीच केलं ना, मग मला का विचारतोस? हात जोडले नाहीत ते त्याच्यासाठी, अक्का. आजही सांगशील तरी जोडणार नाही. पण एसटी धरून गेले ते त्याच्यासाठी नव्हतं. तू चार माणसांत बोललीस ते मला लागलं, म्हणून गेले. तू एकटीनं तेराव्याचा स्वयंपाक केलास. एकटीनं आबांचं अंथरूण धुतलंस. तेव्हा मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं, माझ्या विश्वासापायी माझी बहीण तुटली. खोटं आहे ते. माझ्या रागापायी तुटली, आणि नाव मी देवाचं लावलं."

आई रडत नव्हत्या. मीच रडत होते, नाक पुसायला पदर शोधत.

अक्का चुलीतली लाकडं मागं ओढत राहिल्या. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "तुले मनी याद नही उनी. तुना देवले तरी उनी."

तुला नाही आली माझी आठवण. तुझ्या देवाला तरी आली.

मी जन्मानं ख्रिस्ती. किती उपदेश ऐकले, किती सभा केल्या. देव म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी बाई त्याला आपला देव मानतही नव्हती.

आत चुलतभाऊ आणि त्याची माणसं आगारीची तयारी करत होती. अक्का उठल्या, दोन ताटं घेतली, मांडे वाढले, रस वाढला, आणि आमच्यापुढे ठेवली. आई ताटाकडे बघत राहिल्या, हात पुढे करेनात. मला त्यांची अडचण कळली. हे पितरांना दाखवलेलं असलं तर? पण अक्कांनाही कळली होती. "खाय," त्या म्हणाल्या. "हाऊ निवद नही शे. आधीच काढी लिन्हा."

नैवेद्याच्या आधीच काढून घेतला होता. आतून हाक आली, तशा अक्का गेल्या. विस्तवावर घास पडल्याचा चरचर आवाज आला. आईंनी आमच्या पद्धतीनं डोळे मिटून अन्नाबद्दल आभार मानले आणि जेवल्या. पोटभर जेवल्या, रस दोनदा मागून घेतला. माफ केलं वगैरे अक्का काही म्हणाल्या नाहीत, तो शब्द त्यांच्या तोंडी शोभलाही नसता. निघताना नवं लुगडं उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, रंग फार भडक आणलास. आणि दुसऱ्या दिवशी नेसल्या असं पुढं कळलं.

येताना एसटीत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत असावं. आता घेणार का, हा प्रश्न जिभेच्या टोकावर होता, पण गावात एवढा पराक्रम केल्यावर धीर होईना.

पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी मी कणीक मळत होते. आई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?"

मी चकित. मग म्हटलं, "आहे. मी भाजीत मीठ घातलं की तुम्ही चव न बघता वर पुन्हा घालता."

"बरं. नाही घालणार."

"आणि तुमच्या मनात?"

"पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "पण ते तुझं तू बघ. तुझा शनिवार वेगळा."

दोघी हसलो. पण भाऊंना त्या काही बोलल्या नाहीत, आणि भाऊंनीही विचारलं नाही. मला वाटतं ते घाबरत होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते विचारून मोडलं तर काय घ्या?

रविवारी देऊळ भरलेलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, पंच ताटं घेऊन निघाले. आमच्या बाकांकडे भाऊच आले. मी डोळे मिटायला हवे होते. मी मिटले नाहीत, सताड उघडे ठेवले. माझ्यापुढे ताट आलं, मी तुकडा घेतला. भाऊंची नजर खाली, ओठ पुटपुटत होते. आईंनी मांडीवरून हात उचलला.

आणि ताट पुढं गेलं.

सवय हो, दुसरं काय! इतकी वर्षं ज्या जागेवरून हात तसाच सरकला तिथून तो तसाच सरकला. भाऊंच्या लक्षातही आलं नाही. ते पलीकडच्या बाईंना वाढून पुढच्या बाकाकडे वळले. आईंचा हात हवेत. माझा जीव कासावीस. वाटलं, आता हा हात खाली गेला तर पुन्हा कधी उठायचा नाही.

आई उभ्या राहिल्या. सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मला वाढायचं राहिलं."

भाऊ मागं फिरले.